काचेच्या पेटीतील चांदणे

समुद्रातील प्रवाळांची जोपासना करणाऱ्या लहानशा काचेच्या पेटीकडे दिवसा पाहिले, तर एखादे रंगीत चित्रच चौकटीत बसविले आहे असे वाटते. वरच्या दिव्यांच्या प्रखर प्रकाशात प्रवाळांच्या फांद्या जांभळ्या, हिरव्या, पिवळसर दिसतात व त्यांच्यामधून चिमुकले मासे ये-जा करीत असतात. रात्र झाली, की हे दिवे बंद होतात. क्षणापूर्वी लख्ख उजेडात असलेली पेटी एकाएकी गडद काळोखात बुडते. बावरलेले मासे सैरावैरा पळतात, एखादा खडकाला जाऊन आदळतो. समुद्रात असे कधीच घडत नाही. तेथे सूर्य मावळल्यावर संधिप्रकाश रेंगाळतो आणि महिन्यातील बऱ्याच रात्री त्यानंतर चांदणे पडते.

ही उणीव भरून काढण्यासाठी मत्स्यालयाचे हौशी लोक पेटीच्या झाकणाखाली एखादा मंद, निळसर दिवा बसवितात व त्याला चांदण्याचा दिवा म्हणतात. पुष्कळांच्या दृष्टीने हा दिवा केवळ शोभेचा असतो. रात्री पेटी सुंदर दिसते, पाहुणे कौतुक करतात, एवढ्यावर त्याचे काम संपते. वस्तुतः प्रवाळाला चांदणे शोभेचे नाही. ते त्याचे पंचांग आहे. म्हणून असा दिवा घरी तयार करावयाचा झाल्यास प्रथम हे पंचांग प्रवाळ कसे वाचतो, ते समजून घेणे अगत्याचे आहे. दिवा तयार करणे अगदी सोपे असून त्याला खर्चही थोडाच येतो. परंतु तो पुरेसा मंद ठेवणे आणि योग्य वेळी बंद करणे, या दोन गोष्टींत बहुतेकांची चूक होते.

प्रवाळांचे पंचांग

प्रवाळ किंवा पोवळे ही वनस्पती नव्हे आणि दगडही नव्हे. एका ठिकाणी चिकटून राहणाऱ्या असंख्य सूक्ष्म प्राण्यांची ती वसाहत होय. यातील प्रत्येक प्राण्याला पॉलिप म्हणतात. पॉलिपचे शरीर म्हणजे तोंडाभोवती स्पर्शकांचे कडे असलेली एक मऊ पिशवी. हे प्राणी स्वतःभोवती चुन्याचे कठीण घर बांधतात व हजारो वर्षांच्या या बांधकामातून प्रवाळभित्ती उभी राहते. बहुतेक भित्तिकारक प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म शैवाले राहतात आणि सूर्यप्रकाशात ती जे अन्न तयार करतात त्यावर प्रवाळाचे बरेचसे पोषण होते. दिवसा पेटीवर प्रखर दिवे लावावे लागतात, ते या शैवालांसाठी.

जागेवरून न हलणाऱ्या प्राण्यापुढे प्रजननाच्या वेळी मोठी अडचण उभी राहते. त्याला जोडीदाराकडे जाता येत नाही. तेव्हा अंडी आणि शुक्राणू पाण्यात सोडून देणे हाच मार्ग बहुतेक प्रवाळांना उरतो. परंतु अफाट समुद्रात एकट्यानेच सोडलेली अंडी वायाच जाणार. एकाच जातीच्या सर्व प्रवाळांनी एकाच रात्री, किंबहुना एकाच तासात ती सोडली, तरच त्यांचा मेळ बसण्याची आशा. घड्याळ नाही, डोळे नाहीत, मेंदूही नाही, अशा प्राण्यांनी ही वेळ साधावयाची कशी?

इ. स. १९२८-२९ मध्ये सी. एम. यंग यांच्या नेतृत्वाखाली एक ब्रिटिश शास्त्रीय मोहीम ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफ या प्रवाळभित्तीवर, लो आइल्स नावाच्या बेटांवर वर्षभर मुक्काम करून होती. तीमधील शीना मार्शल आणि टी. ए. स्टीफन्सन यांना असे आढळले, की पोसिलोपोरा या प्रवाळाचे डिंभ, म्हणजे पाण्यात पोहणारी त्याची पिले, चंद्राच्या विशिष्ट कलांच्या सुमारास बाहेर पडतात. १९३३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तथापि पोसिलोपोरा आपली पिले शरीरातच वाढवितो. उघड्या पाण्यात अंडी सोडणाऱ्या बहुसंख्य प्रवाळांचे गूढ यानंतरही सुमारे अर्धशतक कायम राहिले.

ते उलगडले १९८१ आणि १९८२ साली. वसंत ऋतूच्या अखेरीस, पौर्णिमेनंतरच्या काही रात्री ग्रेट बॅरिअर रीफवरील तीन ठिकाणी संशोधकांनी पाण्याखाली पाहणी केली, तेव्हा एकूण ३२ जातींच्या प्रवाळांनी जवळजवळ एकाच वेळी आपल्या जननपेशी सोडल्याचे दिसले. अंडी व शुक्राणू यांची गुलाबी, मोहरीच्या दाण्यांसारखी पुंजकी पॉलिपांच्या तोंडातून बाहेर पडून पृष्ठभागाकडे तरंगत जात होती. हा निबंध १९८४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात छापला गेला. पौर्णिमेनंतरच्या तिसऱ्या ते सहाव्या रात्रींच्या सुमारास हा सोहळा घडतो, असे पुढील निरीक्षणांवरून स्पष्ट झाले. या दिवसांत भरती-ओहोटीतील अंतर कमी होत जाते. कोकणातील कोळी उधाण आणि भांग असा जो भेद करतात, त्यांतील भांगाकडे समुद्र झुकलेला असतो व संथ पाण्यात अंडी फार दूर वाहून जात नाहीत.

खरोखर हे काम चंद्रप्रकाशाचेच, की भरती-ओहोटीचे? हवाई बेटांवर पीटर जोकिएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा निवाडा करण्याकरिता प्रयोग केला. त्याचा वृत्तांत १९८५ साली प्रसिद्ध झाला. पोसिलोपोरा डॅमिकॉर्निस या प्रवाळाचे काही गट त्यांनी रात्री कृत्रिम प्रकाशाखाली ठेवले. ज्या गटाला रोजच पौर्णिमा मिळाली आणि ज्याला रोजच अमावास्या मिळाली, त्या दोहोंची मासिक लय बिघडली. चंद्राच्या कला पुढेमागे सरकविल्या, की डिंभ बाहेर पडण्याचा काळही सरकला. दिव्याने प्रवाळाला तिथी सांगता येते, हे यावरून सिद्ध झाले. त्याचबरोबर आणखी एक गोष्ट दिसली, आणि चांदण्याचा दिवा रात्रभर, महिनाभर तसाच जळत ठेवणाऱ्यांनी ती विशेष लक्षात घ्यावी: न बदलणारे चांदणे प्रवाळाला काहीच सांगत नाही.

काळोखाची निशाणी

डोळे नसताना प्रवाळाला एवढा क्षीण प्रकाश कळतो कसा, हा पुढचा प्रश्न. २००२ मध्ये गोर्बुनोव्ह आणि फाल्कोव्स्की यांनी दाखवून दिले, की चांदण्याइतक्या मंद निळ्या प्रकाशालाही पॉलिप प्रतिसाद देतात. २००७ मध्ये ॲक्रोपोरा मिलेपोरा या शाखायुक्त प्रवाळात निळा प्रकाश ओळखणाऱ्या क्रिप्टोक्रोम प्रथिनांची जनुके सापडली. त्यांपैकी एका जनुकाचे कार्य अमावास्येच्या रात्रीपेक्षा पौर्णिमेच्या रात्री अधिक जोमाने चालते. वनस्पती, कीटक आणि मनुष्य यांच्या शरीरांतही या कुळातील प्रथिने आहेत.

परंतु पौर्णिमेचा प्रकाश हीच जर खूण असेल, तर अंडी पौर्णिमेलाच का सुटत नाहीत? चार-पाच रात्री वाट कशाची पाहिली जाते? याचे एक सुरेख उत्तर तैवानमधील संशोधनातून २०२१ मध्ये मिळाले. डिप्सास्ट्रिया स्पेसिओसा या गोलसर प्रवाळाच्या बाबतीत निर्णायक ठरतो तो सूर्यास्त आणि चंद्रोदय यांच्यामधील काळोख. पौर्णिमेपर्यंत चंद्र सूर्यास्तापूर्वीच किंवा त्याच सुमारास उगवलेला असतो, त्यामुळे संध्याकाळी अंधार असा पडतच नाही. पौर्णिमा उलटली, की चंद्रोदय रोज सरासरी ५० मिनिटांनी लांबतो आणि सूर्यास्तानंतर प्रथमच एक काळोखी फट निर्माण होते. ही फट प्रवाळाला सांगते, की आता वेळ झाली. चांदणे अडवून हा काळोख मुद्दाम आधी निर्माण केला, तेव्हा प्रवाळांनी अंडीही आधी सोडली.

महाराष्ट्रातील घरांना ही फट चांगली परिचयाची आहे. संकष्ट चतुर्थीचा उपवास चंद्रोदयानंतर सुटतो. त्या रात्री दिवेलागण होऊन कितीतरी वेळ झाला तरी चंद्र दिसत नाही, मुले पुन्हा पुन्हा गच्चीत जाऊन येतात, आणि शेवटी नऊच्या आगेमागे तो उगवतो. गावोगावच्या चंद्रोदयाच्या वेळा दिनदर्शिकेत छापलेल्या असतात. संकष्टी म्हणजे पौर्णिमेनंतरची चौथी तिथी. ग्रेट बॅरिअर रीफवर प्रवाळांचा सोहळा होतो तोही याच तिथीच्या आसपास.

चांदणे किती असते?

दिवा करण्यास बसण्यापूर्वी मापाचा विचार करणे भाग आहे. दीपन मोजण्याचे एकक लक्स होय. भर दुपारच्या उन्हात ते सुमारे १,००,००० लक्स असते. ट्यूबलाइट लावलेल्या खोलीत साधारणतः १०० लक्सच्या आसपास भरते. माथ्यावर आलेल्या पौर्णिमेच्या चंद्राचा प्रकाश अवघा पाव लक्स. म्हणजे चांदण्यापेक्षा ऊन सुमारे चार लक्ष पटींनी प्रखर असते, आणि रात्री दिवा लावून ज्या खोलीत वाचन चालते, तेथे चारशे पूर्णचंद्रांचा उजेड असतो! मानवी डोळा काळोखाशी जुळवून घेण्यात इतका तरबेज आहे, की हे अंतर सहसा ध्यानातच येत नाही.

अष्टमीचा चंद्र अर्धा दिसतो म्हणून त्याचा प्रकाश पौर्णिमेच्या निम्मा असेल, हा तर्कही चुकीचा ठरतो. तो दहाव्या हिश्शाहून थोडा कमीच भरतो. अष्टमीला सूर्यकिरण चंद्राच्या खडबडीत पृष्ठावर तिरपे पडतात व उंचसखल भागांच्या सावल्या आपल्याला दिसतात. पौर्णिमेला सूर्य जवळजवळ आपल्या पाठीमागून प्रकाश टाकत असल्याने त्या सावल्या झाकल्या जातात.

रंगाविषयीही एक गैरसमज रूढ आहे. चांदणे निळसर भासते, पण ते परावर्तित सूर्यप्रकाशच होय, आणि उन्हाच्या तुलनेत त्यात तांबूसपणाच किंचित अधिक असतो. मंद प्रकाशात डोळ्याची संवेदनक्षमता निळ्या बाजूकडे सरकते म्हणून ते निळे वाटते. बोहेमियाचे शरीरशास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. मात्र समुद्राचे पाणी तांबडा प्रकाश लवकर शोषून घेते, त्यामुळे खोलवर पोहोचणारे चांदणे खरोखरच निळे असते. उथळ पाण्यातील प्रवाळांसाठी साधा पांढरा दिवा योग्य होय. निळा घेतला तरी बिघडत नाही. गडद निळ्या प्रकाशात भडक चमकणारे प्रवाळ पाहण्याची ज्यांना आवड असते, त्यांनी ती दिवसाच्या दिव्यांकडून पुरवून घ्यावी.

दिव्याची रचना

या कामासाठी ५ मिलिमीटर व्यासाचा, पांढरा प्रकाश देणारा एकच एल. ई. डी. दिवा पुरे. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानात तो सुटा मिळतो. त्याला २० मिलिअँपिअर प्रवाह दिला, तर झोताच्या मध्यभागी त्याचे तेज १० कँडेलापर्यंत असू शकते. १ कँडेलाचा दिवा १ मीटर अंतरावर १ लक्स दीपन देतो. अंतर निम्मे केले, की दीपन चौपट होते. या हिशेबाने अर्ध्या मीटरवरील पाण्यावर एकच चिमुकला दिवा ४० लक्स, म्हणजे १६० चंद्रांचा उजेड पाडील. बाजारात अशा दिव्यांची ओळच्या ओळ बसविलेल्या पट्ट्या चांदणे म्हणून विकल्या जातात! तेव्हा येथील खरी करामत दिवा पेटविण्याची नसून त्याला आवरण्याची आहे.

त्यासाठी १२ व्होल्टचा एक लहान अडॅप्टर, १०,००० ओहमचा एक स्थिर रोधक आणि १,००,००० ओहमचा एक फिरता रोधक घ्यावा. जुन्या रेडिओचा आवाज कमी-जास्त करण्याची कळ ज्या भागाला जोडलेली असे, तोच हा फिरता रोधक. अडॅप्टरच्या धन टोकापासून स्थिर रोधक, त्यापुढे फिरता रोधक, त्यापुढे दिव्याचा लांब पाय आणि दिव्याच्या आखूड पायापासून परत ऋण टोकाकडे, अशी एकसर जोडणी करावयाची. फिरत्या रोधकाच्या तीन टोकांपैकी मधले आणि कडेचे कोणतेही एक वापरावे. दिव्यावर सुमारे ३ व्होल्ट खर्च होतात, उरलेले ९ व्होल्ट रोधकांवर पडतात. कळ एका टोकाला असता केवळ १०,००० ओहमचा रोध राहतो व प्रवाह सुमारे ०.९ मिलिअँपिअर होतो. कळ दुसऱ्या टोकाला नेली, की रोध १,१०,००० ओहम होऊन प्रवाह जवळपास अकराव्या हिश्शावर येतो. पौर्णिमा आणि अष्टमी यांच्या प्रकाशातील प्रमाणही जवळजवळ हेच असल्याने कळीचे एक टोक पौर्णिमेचे व दुसरे अष्टमीचे ठरते. मधल्या तिथींसाठी तबकडीवर अंदाजाने खुणा कराव्यात.

दिव्याचा झोत सरळ पाण्यावर सोडू नये. या दिव्यांचा झोत अरुंद असतो. त्याने पेटीत एक वर्तुळ उजळेल आणि बाकीचा भाग अंधारात राहील. पेटीच्या झाकणाखाली पांढरे पुठ्ठे किंवा प्लॅस्टिकचा पांढरा तुकडा बसवून दिव्याचे तोंड त्याकडे वळवावे. पुठ्ठ्यावरून परतलेला विखुरलेला प्रकाशच पाण्यावर पडू द्यावा. यात प्रकाशाचा मोठा भाग वाया जातो, आणि येथे ते सोयीचेच आहे.

दीपनमापक नसला तरी परीक्षा घेता येते. पौर्णिमेच्या आसपास, चंद्र वर आलेला असताना, रस्त्याच्या दिव्यांपासून दूर अशा जागी वर्तमानपत्राचे एक पान घेऊन बसावे. वीस मिनिटे डोळे काळोखाला सरावू द्यावेत, आणि मग पानावरील कोणत्या आकाराची अक्षरे वाचता येतात ते पाहून खूण करावी. मोठे मथळे सहज वाचता येतील, बारीक मजकूर लागणार नाही. नंतर तेच पान पूर्ण अंधार केलेल्या खोलीत, जेथे पाण्याचा पृष्ठभाग यावयाचा त्या उंचीवर धरावे आणि पुन्हा वीस मिनिटे थांबून कळ पौर्णिमेच्या टोकावर ठेवून वाचून पाहावे. बारीक अक्षरे दिसू लागली, तर दिवा अजून तेजस्वी आहे असे समजून त्यावर पातळ कागदाचा एक-एक थर चढवावा. ही वीस मिनिटे बहुतेकांना जड जातात. परंतु घाईने घेतलेली परीक्षा नेहमी फसवी ठरते.

खाऱ्या पाण्याजवळ वीज वापरताना दक्षता हवी. अडॅप्टर पेटीच्या वर किंवा झाकणावर कधीही ठेवू नये; भिंतीवर बाजूला असावा. त्याची तार आधी खाली लोंबकळून मगच वर सॉकेटकडे जाईल अशी ठेवावी, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी सॉकेटपर्यंत न जाता खालच्या वळणावरून टपकेल. खारट दमट हवेने तांब्याच्या तारा हिरव्या पडून तुटतात, म्हणून सोल्डर केलेला प्रत्येक सांधा उष्णतेने आकसणाऱ्या नळीत झाकावा. शाळेतील विद्यार्थ्यांनी ही जोडणी शिक्षकांच्या देखरेखीखाली करावी.

उगवणे आणि मावळणे

आता तिथीचे काम. अडॅप्टर एका साध्या टायमरवर लावावा. पेटीतील दिवस हा पेटीच्या दिव्यांवर अवलंबून असल्यामुळे चंद्राची वेळही पेटीच्या सूर्यास्तापासून मोजावी लागते. शुक्ल पक्षातील अष्टमीला दिवा पेटीच्या सूर्यास्ताबरोबर लावून मध्यरात्री बंद करावा. पुढे रोज तो सुमारे ५० मिनिटे अधिक काळ चालू ठेवीत पौर्णिमेला रात्रभर ठेवावा. त्यानंतर मात्र तो सूर्यास्ताबरोबर लागता कामा नये: प्रतिपदेपासून रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा लागावा, म्हणजे संकष्टीला तो तीन-साडेतीन तास उशिरा उगवेल आणि कृष्ण अष्टमीला मध्यरात्री. अष्टमीपासून पुढच्या शुक्ल अष्टमीपर्यंतचे चांदणे इतके क्षीण असते, की दिवा सरळ बंद ठेवावा. टायमर रोज बदलण्याचा कंटाळा येत असेल, तर तीन दिवसांनी एकदा बदलला तरी चालेल. हल्ली संगणकीय नियंत्रक हे सारे आपोआप करतात. हाताने कळ फिरविणाऱ्याला मात्र आज कोणती तिथी आहे, हे कोणी सांगावे लागत नाही.

या सर्व खटाटोपावर पाणी पडते ते खिडकीतून येणाऱ्या रस्त्याच्या दिव्यामुळे किंवा दिवाणखान्यात रात्री उशिरापर्यंत जळणाऱ्या बत्तीमुळे. जेथे अर्ध्या लक्सलाही महत्त्व आहे, तेथे हा उजेड चंद्राला पार झाकून टाकतो. पेटीवर रात्री एक जाड काळे कापड टाकणे हा यावरील सोपा उपाय. समुद्राला असे कापड घालता येत नाही. किनाऱ्यांवरील शहरांचे, बंदरांचे, हॉटेलांचे दिवे प्रवाळभित्तींवर पडतात, आणि जो घोटाळा दिवाणखान्यातील पेटीत होतो तोच तेथे घडू लागला आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ॲक्रोपोराच्या दोन जातींवर रात्री कृत्रिम प्रकाश पाडला असता त्यांच्या जननपेशींची वाढ लांबली व तिच्यातील एकवेळपणा नाहीसा झाला. २०२३ मध्ये जगातील अनेक प्रवाळभित्तींवरील नोंदी एकत्र करून पाहण्यात आल्या, तेव्हा प्रकाशित किनाऱ्यांजवळचे प्रवाळ काळोख्या भागातील प्रवाळांपेक्षा एक ते तीन दिवस आधी, पौर्णिमेच्या अधिक जवळ, अंडी सोडतात असे आढळले. उजळलेल्या किनाऱ्याजवळचा प्रवाळ लवकर निघतो, दूरच्या अंधारातील त्याचा सोबती नेहमीच्या रात्री, आणि दोघांची अंडी एकमेकांना भेटत नाहीत.

काय अपेक्षावे, काय नको

घरातील लहान पेटीत चांदण्याचा दिवा लावला, की प्रवाळ अंडी घालतील, अशी आशा कोणी बाळगू नये. त्यासाठी वर्षभरातील तापमानाचे चढउतार, दिवसाची घटती-वाढती लांबी, भरपूर अन्न आणि पूर्ण वाढलेल्या वसाहती, हे सर्व जुळून यावे लागते. साध्या पेटीत या दिव्याचा खरा लाभ पाहणाऱ्याला होतो. दिवसा मिटलेले कित्येक पॉलिप रात्री उघडतात आणि आपले पारदर्शक स्पर्शक पसरून पाण्यातील सूक्ष्म प्राणी पकडतात. खडकाच्या भेगांतून ठिसूळतारे आपले बारीक हात बाहेर काढतात, दिवसभर न दिसणारे कृमी आणि झिंगे वाळूवर फिरू लागतात. प्रखर विजेरी लावताच हे सारे अदृश्य होते. पाव लक्सच्या प्रकाशात पाऊण तास स्वस्थ बसणाऱ्याला मात्र ते दिसते.

भारतातील वाचकांसाठी येथे एक सूचना आवश्यक आहे. कच्छचे व मन्नारचे आखात, लक्षद्वीप, अंदमान-निकोबार या भागांत प्रवाळभित्ती आहेत. महाराष्ट्रातही मालवणच्या किनाऱ्याजवळ तुरळक प्रवाळ आढळतात. भित्तिकारक प्रवाळांचा २००१ मध्ये १९७२ च्या वन्य जीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत समावेश झाला असून, समुद्रातून ते काढणे, बाळगणे किंवा विकणे हा गुन्हा आहे. सहलीची आठवण म्हणून आणलेला मृत प्रवाळाचा तुकडाही यातून सुटत नाही. शाळांनी हा प्रयोग प्रवाळाशिवाय करावा. वर वर्णन केलेला दिवा, त्याचे मापन आणि तिथींनुसार त्याचे चालविणे यांसाठी पाण्याने भरलेली साधी पेटीदेखील पुरते; तीत गोड्या पाण्यातील मासे असतील, तर रात्रीच्या त्यांच्या हालचालींची नोंद ठेवता येईल.

कृत्रिम चंद्राचा सर्वांत गंभीर उपयोग मात्र संग्रहालयांत झाला आहे. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात जेमी क्रॅग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रेट बॅरिअर रीफ व सिंगापूर येथील ऋतुमान, दिवसाची लांबी, पाण्याचे तापमान आणि चंद्राच्या कला यांची संगणकाच्या साहाय्याने काचेच्या टाक्यांत हुबेहूब नक्कल केली. आपल्या मूळ समुद्रापासून हजारो किलोमीटर दूर, या बंदिस्त पाण्यात ॲक्रोपोराच्या चार जातींनी अंडी तयार करण्यापासून ती सोडण्यापर्यंतचे संपूर्ण चक्र पार पाडले. ही पद्धत २०१७ मध्ये तपशीलवार प्रसिद्ध करण्यात आली, जेणेकरून इतरांनाही ती वापरता यावी.

तिची निकड लगेचच भासली. अमेरिकेतील फ्लॉरिडाच्या प्रवाळभित्तीवर २०१४ मध्ये मायामीजवळ एक रोग प्रथम दिसला. त्यात प्रवाळाची मांसल त्वचा झडून खाली पांढरा चुना उघडा पडतो. काही वर्षांतच तो भित्तीच्या मोठ्या भागावर पसरला. स्तंभासारखा उभा वाढणारा डेंड्रोगायरा सिलिंड्रस हा प्रवाळ तेथून जवळजवळ नाहीसा झाला. वाचलेले खांब एकमेकांपासून इतके दूर उरले, की त्यांची अंडी आणि शुक्राणू एकत्र येण्याचा संभव राहिला नाही. रोग पोहोचण्यापूर्वी काही तुकडे समुद्रातून काढून जमिनीवरील टाक्यांत हलविण्यात आले होते. फ्लॉरिडा ॲक्वेरिअमच्या अपोलो बीच येथील केंद्रात, हॉर्निमनच्या तज्ज्ञांच्या सहकार्याने, त्यांच्यावर वर्षभराचे कृत्रिम ऋतू आणि कृत्रिम चंद्र फिरविला गेला. ऑगस्ट २०१९ मध्ये, दिव्यांच्या पौर्णिमेनंतर काही रात्रींनी, या टाक्यांत स्तंभप्रवाळांनी अंडी सोडली. प्रयोगशाळेतील कृत्रिम वातावरणात या जातीने असे करण्याची ती पहिलीच वेळ होती. काळोखात तांबड्या प्रकाशाच्या विजेऱ्या घेऊन बसलेल्या माणसांनी ती पाण्याच्या पृष्ठभागावरून अलगद गोळा केली आणि नरवसाहतींच्या शुक्राणूंशी त्यांचा संयोग घडविला. त्यांतून निघालेले डिंभ पुढे काही दिवस टाक्यांत पोहत होते.